सातपुड्याच्या पायथ्याला प्लॉट पाडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या सातपुड्याकडची पाल, मनुदेवी, उनपदेव आणि तिकडे नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ या ठिकाणांच्या पर्यटन विकासाबद्दल आपल्या दैनिकात बातम्या आणि वाचकांची पत्रे येत आहेत. विकास व्हावा, असे मलाही मनापासून वाटते. खानदेशातल्या माणसाला दोन दिवसांच्या थंडाव्यासाठी सापुतारा किंवा महाबळेश्वर गाठावे लागू नये, यावल-रावेरच्या पोरांना घराजवळ काम मिळावे, यात वावगे काय? पण या पत्रांत रस्ता आला, हॉटेल आले, बोटिंग आले, सेल्फी पॉइंटसुद्धा आला. हे सगळे ज्या जमिनीवर उभे राहणार, तिच्याबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, जागा द्यावी ही विनंती.

मी वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ सातपुड्यात रोपवाटिका आणि लागवडीच्या कामावर गेला. प्रशिक्षणात आम्हाला वाळूच्या टेकड्या स्थिर कशा करतात हा विषय होता. जोधपूरला १९५२ साली त्यासाठीच केंद्र निघाले आणि पुढे त्याचे मोठे संशोधन केंद्र झाले, हे तेव्हा कळले. आपल्या डोंगरात वाळूची टेकडी कुठली, म्हणून बरोबरच्या बहुतेकांनी तो विषय परीक्षेपुरता ठेवला. मला मात्र त्याची गोडी लागली. त्याच वाचनात दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशातल्या एका गावाची हकिगत हाती आली. गावाचे नाव पिनामार. समुद्राकाठी, झाडांनी झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांत, आधी आराखडा करून वसवलेले सुट्टीचे गाव.

ही झाडे तिथे मुळात नव्हती. राजधानी ब्यूनोस आयरेसपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा अटलांटिक किनारा. आतल्या बाजूला पाम्पा नावाचे गवताचे सपाट रान, त्यावर गुरांचे मोठमोठे मळे. रान संपले की उघड्या वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आणि मग समुद्र. टेकड्या एका जागी राहत नाहीत. वारा एका अंगाची वाळू उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो आणि टेकडी हळूहळू आत सरकते. मळेवाल्यांच्या लेखी ही जमीन कवडीमोल होती, कारण तिथे गुरालाही चारा नाही.

याच किनाऱ्यावर १९०८ च्या सुमारास काही बेल्जियन मंडळी आली. त्यांनी आपल्या देशातल्या समुद्रकाठच्या शहराच्या नावावरून ‘ओस्टेंड’ नावाचे गाव कागदावर आखले. नकाशा देखणा होता. समुद्रालगत सिमेंटचा फिरण्याचा सज्जा बांधला, १९१३ मध्ये हॉटेल उघडले. रेल्वे दूरच्या एका छोट्या स्टेशनापर्यंतच होती. तिथून पाहुणे गाडीने आणि मग वाळूतून आणावे लागत. घर आणि सज्जा आधी झाला, टेकडी मोकळीच राहिली. वाऱ्याने आपले काम केले. सज्जा वाळूखाली गेला. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले, पैसे लावणारे युरोपात परतले आणि गाव तिथेच थांबले. हॉटेलची जुनी इमारत तेवढी अजून उभी आहे.

तिथून थोड्या अंतरावर दक्षिणेला १९३१ मध्ये कार्लोस गेसेल या माणसाने सुमारे सोळाशे हेक्टर वाळू विकत घेतली. यांचे वडील सिल्व्हिओ गेसेल हे पैशाच्या सिद्धांतामुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. मुलाचा धंदा लहान मुलांच्या फर्निचरचा. त्यासाठी लाकूड हवे, म्हणून पाइन लावायचे, एवढाच बेत होता. त्यांनी वाळूत पहिले घर बांधले त्याला चार बाजूंनी चार दारे ठेवली. एका दारापुढे वाळूचा ढीग साचला तर दुसऱ्याने बाहेर पडायचे. ते घर आज संग्रहालय आहे. त्या चार दारांवरून त्या जागेची कल्पना येते.

रोपे लावली की मरत. ज्याने उघड्या माळावर लागवड केली आहे त्याला हे वाचताना वेगळे काही सांगावे लागत नाही. वाळूचे कण कोवळी पाने अक्षरशः सोलून काढतात. एका आठवड्यात मूळ उघडे पडते, तर पुढच्या आठवड्यात शेंडा गाडला जातो. गेसेल यांनी बाहेरून जाणकार बोलावले, मातीच्या परीक्षा केल्या, तरी वर्षानुवर्षे हाती काही लागले नाही. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या एका बाभळीने तग धरला. तिच्या आणि गवताच्या आधाराने वाळू जागेवर बसली, आणि तिच्या आडोशाला पाइन उभे राहिले. फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर ब्रेमोंतिए नावाच्या अभियंत्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच क्रम वापरला होता. तिथे पाइनचे बी झुडपांच्या बियांत मिसळून पेरत आणि वरून फांद्यांनी झाकत. मोठ्या झाडाला लहान झाडाचा आडोसा आधी द्यायचा, हे त्यातले मर्म.

गेसेल यांनी भाड्याने द्यायचे पहिले घर १९४० च्या सुमारास बांधले, म्हणजे जमीन घेतल्यापासून आठ-नऊ वर्षांनी. लोक त्यांना ‘टेकड्यांवरचा वेडा’ म्हणत. गाव मात्र झाले, आणि आज त्यांच्याच आडनावाने ओळखले जाते.

पिनामारचे काम याच्या नंतरचे आणि जास्त शिस्तीचे. जमीन गेरेरो घराण्याची होती. त्याच घराण्याने शेजारच्या कारिलो भागात आधीपासूनच झाडे लावायला सुरुवात केली होती. घराण्यातल्या व्हालेरिया गेरेरो यांच्याशी हातमिळवणी करून होर्हे बुंगे या वास्तुविशारदाने गावाचा आराखडा केला. बुंगे जर्मनीत म्युनिकला शिकलेले. १४ फेब्रुवारी १९४३ रोजी, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, पिनामारची रीतसर स्थापना झाली. त्याआधी टेकड्यांवर लागवड झालेली होती. रस्ते आखताना बुंगे यांनी चौकोनी चौकटी पाडल्या नाहीत. महामार्गाकडून समुद्राकडे जाणारा एक मुख्य सरळ रस्ता, आणि बाकीचे टेकडीच्या अंगाने वळत जाणारे. टेकडी कापून सपाट केली की तिची वाळू पुन्हा मोकळी होते, हे त्यांना कळले होते. घरे बुटकी, भोवती मोकळी जागा आणि झाडे. शेजारच्या कारिलोत तर आजही बहुतेक रस्ते वाळूचेच आहेत आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तिथल्या प्लॉटचे भाव याच गोष्टींमुळे चढे आहेत, हे आपल्याकडच्या जमीनवाल्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगितले ती. पिनामार आणि गेसेलचे गाव, दोन्ही पिण्याचे पाणी टेकड्यांच्या पोटातून घेतात. पाऊस पडतो, वाळू तो शोषते, आणि ते गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर हलके म्हणून तरंगत राहते. बाहेरून आणलेली नदी नाही, धरण नाही. त्यामुळे जेवढी वाळू डांबर-सिमेंटखाली जाईल तेवढे मुरणारे पाणी घटते, आणि जेवढा उपसा वाढेल तेवढे खारे पाणी वर सरकते. पुढच्या काळात गेसेलच्या गावात समुद्रकाठी उंच इमारती झाल्या, काठाच्या टेकड्या बांधकामाखाली गेल्या, वाळूचा उपसा झाला आणि किनारा धुपू लागला. पिनामारनेही समुद्रालगत सिमेंटची बांधकामे होऊ दिली होती; अलीकडे त्यातली बरीच पाडून त्यांच्या जागी खांबांवर उचललेली लाकडी बांधकामे केली, म्हणजे खालून वाळू येती-जाती राहील. ज्यांनी आराखडा करून गाव वसवले त्यांनाही हे करावे लागले.

त्यांची झाडेही जशीच्या तशी उचलावीत असे मी म्हणत नाही. पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ तिथल्या मातीतली नव्हेत. पाइनचे रान उन्हाळ्यात पेट घेते, स्वतःही भरपूर पाणी पिते, आणि टेकड्यांवरचे मूळचे गवत व जीव त्याखाली गेले. आपणही वेडी बाभूळ आणली, सुबाभूळ आणली, आणि कच्छपासून आपल्या नदीकाठापर्यंत ही परकी झाडे कशी बेसुमार पसरली ते पाहतो आहोत. पिनामारकडून घ्यायचा आहे तो कामाचा क्रम. जमीन आधी धरून ठेवायची, पाणी कुठून मुरते ते आधी पाहायचे, रस्ता त्याला सांभाळून न्यायचा, आणि प्लॉट शेवटी.

आता आपल्या पायथ्याकडे या. चोपडा, यावल, रावेर या तिन्ही तालुक्यांत सातपुडा एकदम उठतो. त्याच्या पायाशी डोंगरातून हजारो वर्षांत वाहून आलेले गोटे, वाळू आणि भरड माती यांचा पट्टा पसरला आहे. भूजलाचे लोक त्याला ‘बझाडा’ म्हणतात. हा पट्टा आणि पिनामारची वाळूची टेकडी यांचे काम एकच आहे. आषाढात डोंगरातून नाला गर्जत येतो, गढूळ लोंढा पुलाला लागतो, आणि दोन-तीन किलोमीटर खाली जाऊन पाहावे तर पात्रात नुसते ओले गोटे. पाणी गेले कुठे? खाली गेले. तेच पाणी पुढे फैजपूर, सावदा, निंभोरा भागातल्या केळीला मिळते. माझ्याबरोबर काम केलेला एक तडवी वनमजूर अशा नाल्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, “साहेब, हा नाला वाहत नाही, हा पेतो. याले बांधू नका.” भूजलाच्या अहवालात जे पानेच्या पाने असते, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

केळीच्या पट्ट्यातल्या विहिरी गेल्या, बोअर आल्या, आणि बोअर वर्षागणिक खोल होत चालल्या. हे यावल-रावेरच्या कुठल्याही वावरात विचारा. याच कारणाने तापी महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत करार झाला. तापीचे पाणी कालव्यांनी पायथ्याला आणून याच बझाड्यात मुरवायचे, असा तिचा गाभा आहे. म्हणजे एका हाताने सरकार या पट्ट्यात पाणी ओतायला निघाले आहे आणि दुसऱ्या हाताने याच पट्ट्यातल्या लेआउटवर, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या नकाशांवर, मंजुरीचे शिक्के बसत आहेत.

हे लेआउट कसे होतात ते मी जवळून पाहिले आहे. गट नंबर विकला जातो. जेसीबी येतो. पहिल्या दिवशी पळस, टेंभुर्णी, बोर, हिवर सगळे उपटून एका कोपऱ्यात ढीग लागतो. मग लहान नाला मुरूम टाकून बुजवला जातो, कारण नकाशात तो दोन प्लॉटच्या मधून जातो आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. सहा इंच मुरूम दाबून रस्ते. मग कमान. कमानीच्या दोन्ही अंगांना बॉटल पाम, कुंपणाला पिवळी ड्युरांटा, मध्ये लॉन. लॉनला पाणी हवे म्हणून बोअर. वर फलक, ‘निसर्गाच्या कुशीत’. मी कोणाचे नाव घेत नाही, कारण हे एका माणसाचे काम नाही, आता ही रीतच पडली आहे. त्या बुजवलेल्या नाल्याचे पाणी पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या शेतकऱ्याच्या बांधावरून गेले. केळीचे खोड चार दिवस पाण्यात राहिले की काय होते हे इथे कोणाला सांगायला नको.

झाडांबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती माझ्या रोजच्या कामातली आहे. सातपुड्याचे आपले झाड म्हणजे अंजन. त्याची शेंग चपटी, पातळ, पंखासारखी. बी एकच आणि तेही टोकाला. पेरल्यावर पहिल्या पावसाळ्यात वर जेमतेम वीतभर रोप दिसते. पाहणीला आलेले अधिकारी विचारतात, वाढ का नाही? खाली खणून पाहिले तर मूळ त्याच्या कितीतरी पट खोल सरळ गेलेले असते, गोट्यांच्या फटी शोधत. झाड आधी खाली जाते आणि मग वर येते. हेच रोप लहान काळ्या पिशवीत वाढवले तर मूळ तळाशी जाऊन गोल वेटोळे घालते. ते लावले तरी पहिल्या कडक उन्हाळ्यात वाळते. म्हणून अंजन जागेवरच बी टोकून लावावे, नाही तर लांब पिशवीत करावे. यासाठी वेळ लागतो. वर्षभरात हिरवे दिसणारे झाड हवे असेल तर बॉटल पाम आहेच, पण त्याची सावली दुपारी एका माणसालाही पुरत नाही, आणि पायथ्याच्या जमिनीला त्याचा उपयोग नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. पायथ्याच्या पट्ट्यात लेआउट मंजूर करण्याआधी प्रत्येक नाला आणि ओहोळ जागेवर जाऊन नकाशावर घ्यावा, मग तो सातबाऱ्यावर असो किंवा नसो, आणि त्याच्या दोन्ही काठांना बांधकाम नको. मंजुरी आणि प्लॉटची विक्री यांच्यामध्ये निदान तीन पावसाळे जावेत, आणि त्या काळात स्थानिक झाडांची लागवड जगलेली दिसल्याशिवाय पहिला प्लॉट विकता येऊ नये. झाडे लावल्याचा फोटो पुरेसा धरू नये. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जेवढी जिवंत तेवढीच मोजावीत. उतार आहे तसा ठेवून रस्ते वळते करावेत. आतले रस्ते डांबराचे न करता मुरमाचे किंवा दगडी ठेवावेत. लॉनसाठी बोअर नको. तोरणमाळ आणि धडगावकडच्या आदिवासी गावांत ग्रामसभेची संमती कायद्याने लागते. ती सह्या गोळा करून नव्हे तर गावात बसून घ्यावी, कारण तिथली पावरा मंडळी त्या डोंगराचे पाणी कुठे मुरते हे आराखडा करणाऱ्यापेक्षा जास्त जाणतात. तिथला यशवंत तलाव हे पर्यटकांचे पहिले आकर्षण आहे. भोवतीच्या उतारावर सिमेंट ओतले तर त्या तलावात काय उतरेल, याचा विचार बोटी आणण्याआधी व्हावा.

कोणी म्हणेल, तीन पावसाळे थांबला तर गुंतवणूकदार पळून जाईल. गेसेल आठ-नऊ वर्षे थांबले. माथेरानने मोटारी आत येऊ दिल्या नाहीत, म्हणून माणसे तिथे जायची थांबली का? शेजारी पाहायचे तर आमच्या फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. त्यासाठी वसवलेले टिळकनगर गांधीजींच्या आग्रहाने इथल्याच बांबू-लाकडातून उभे राहिले, सजावट नंदलाल बोस यांनी केली. ते नगर काही दिवसांचे होते हे खरे, पण शहरातून काही न आणता इथल्या मालावर देखणे गाव उभे करता येते हे याच शिवारात लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आज पालला पर्यटन निवास बांधायचा तर डोंगरातला दगड, बांबू आणि कौल चालणार नाही का?

काही वाचकांनी लिहिले आहे की यावल अभयारण्यामुळे विकास अडतो. ते अभयारण्य १९६९ पासून आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला जे नाले अजून आठ-दहा महिने ओल धरून आहेत ते त्या जंगलामुळे. अभयारण्याला दोष देणाऱ्यांनी एकदा वैशाखात सुकी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन जंगलातले पात्र पाहावे, मग खाली सपाटीवर येऊन तेच पात्र पाहावे.

नगररचना खात्याने पायथ्याच्या गावांची वेगळी नियमावली करावी, आणि ती होईपर्यंत नव्या लेआउटना मंजुरी थांबवावी, अशी मागणी यावल, रावेर आणि चोपडा या तिन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी ठराव करून पाठवावी. ठरावाचा मसुदा करून द्यायला मी तयार आहे. चैत्र-वैशाखात अंजनाच्या शेंगा गळू लागतात. त्या वेळी गोळा केलेले ताजे बी त्याच पावसाळ्यात टोकले तर उगवण चांगली मिळते. जुने ठेवलेले बी फारसे उगवत नाही. ज्या गावाला आपल्या गायरानात किंवा नाल्याकाठी ही लागवड करायची असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. बी कुठून घ्यायचे, कुठे टोकायचे आणि गुरांपासून पहिली दोन वर्षे कसे राखायचे, हे मी जागेवर येऊन दाखवीन. मोबदला नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनपाल,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव